यानातली कुजबूज

रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला हेमांगी पांचाळनं घरातले सगळे पंखे बंद केले. ऑक्टोबरचा उकाडा, सांगलीचं ऊन, आणि ही बाई पंखे बंद करते! तिचा नवरा दिगंबर बनियनवर सोफ्यात बसला होता. त्याच्या मांडीवरची भाजलेल्या पापडांची ताटलीही तिनं उचलून आत नेऊन ठेवली.

"अगं, पापडानं तुझं काय घोडं मारलंय?"

"कुरकुर ऐकू येते. नंतर खा. अर्धा तास श्वाससुद्धा हळू घ्या."

 बत्तीस वर्षं एस.टी. स्टँडवर माइकसमोर बसून विटा, तासगाव, आटपाडीच्या गाड्या पुकारलेल्या बायकोपुढे आवाज चढवायचा नसतो, हे तो लग्नाच्या पहिल्या महिन्यातच शिकला होता. शिवाय आजचा दिवस तिच्यासाठी काय होता, ते त्याला ठाऊक होतं.

भिंतीवरचा पडदा उजळला. 'आभाळातलं बिऱ्हाड' अशी अक्षरं आली आणि ती जुनी धून वाजली. पंचावन्न वर्षांपूर्वी दर रविवारी सकाळी ही मालिका लागायची आणि गावातले रस्ते ओस पडायचे. अप्पा, माई आणि त्यांची दोन पोरं लोणच्याच्या बरण्या नि पाटावरवंटा घेऊन यानात बसतात आणि ग्रहामागून ग्रह हिंडतात, अशी साधी गोष्ट. यान प्लायवूडचं होतं. ते बनवलं होतं हेमांगीच्या वडिलांनी, दत्तोबा सुतारांनी. आणि यानात, कुणाला दिसणार नाही अशी, हेमांगीची आई बसलेली असायची.

शकुंतला सुतार प्रॉम्प्टर होती. मालिकेतले सगळे नट नाटकातले. नाटकात विंगेतून कुणीतरी वाक्यं पुरवतं, ही त्यांची जन्माची सवय. कॅमेऱ्यापुढे ती एकदम कशी सुटणार? तालमीला वेळ नसायचा, एका दिवसात एक भाग उरकायचा. म्हणून दत्तोबांनी यानाच्या दिव्याबटणांच्या टेबलाखाली बायकोच्या मापाची एक पोकळी ठेवली. तिथं पाय दुमडून, हातात टॉर्च आणि वही घेऊन शकुंतला बसायची आणि एकेक वाक्य कुजबुजायची. नट ते उचलायचे. माइक होते जवळच, त्यामुळे प्रत्येक वाक्याआधी अर्धा सेकंद ते वाक्य हळूच ऐकू यायचं. यानात भूत आहे का, अशी पत्रं पोरं पाठवायची.

हेमांगी सोळा वर्षांची असताना आई गेली. मागे राहिले दोन फोटो आणि एक इरकली लुगडं. आवाज कुठंच नव्हता. मामानं पाच भाग कॅसेटवर उतरवून ठेवले होते, त्यांना बुरशी लागली. तेव्हापासून ही बाई वाट बघत होती. गेल्या महिन्यात 'पुनर्नवा दृश्यसेवा' नावाच्या कंपनीनं सव्वीसच्या सव्वीस भाग पुन्हा आणत असल्याचं जाहीर केलं, त्या दिवशी तिनं अख्ख्या गल्लीत बासुंदी वाटली होती.

पडद्यावर अप्पा खिडकीपाशी आले. चित्र इतकं लख्ख की त्यांच्या मिशीतला केस न् केस दिसावा. हेमांगी पुढे सरकली.

"माई, पृथ्वी बघ किती लहान दिसते गं," अप्पा म्हणाले.

फक्त अप्पाच म्हणाले. आधी कुणीच काही कुजबुजलं नाही.

तिनं आवाज वाढवला. माई बोलली, पोरं बोलली, तो दुधाच्या कॅनचं डोकं असलेला यंत्रमानवही बोलला. मध्ये मध्ये नुसती स्वच्छ शांतता. हेमांगी उठून पडद्याला कान लावून उभी राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दिगंबरला तिच्याकडे बघवेना.

"पुसली," ती म्हणाली. "अहो, माझी आई पुसली ह्या मेल्यांनी!"

आणि मग ती जी भडकली म्हणता! कंपनीला फोन लावला तर मधाळ आवाजाचा यंत्र-मदतनीस बोलायला लागला. "आपल्या भावना आम्ही समजू शकतो," तो म्हणाला.

"तुला आई आहे का?"

"आपल्या भावना आम्ही—"

"माणूस दे. जिवंत, पोट असलेला माणूस दे मला!"

जिवंत माणूस मिळायला दोन दिवस लागले आणि त्यासाठी पुण्याला जावं लागलं. कंपनीच्या काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर कपिल आंबर्डेकर नावाचा अभियंता त्यांना भेटला. चाळिशीचा, चष्मेवाला, बोलायला नम्र. 'आभाळातलं बिऱ्हाड'चं काम त्याच्याच हाताखाली झालं होतं.

"मॅडम, ती कुजबूज यंत्राला खरखर वाटली," तो म्हणाला. "आम्ही खरखर काढतो. वाऱ्याचा आवाज, खोकले, खुर्च्यांची करकर."

"खुर्ची आणि माझी आई एकच का हो?"

"यंत्राला एकच. पात्रांच्या यादीत नाव नसलेला प्रत्येक आवाज."

हेमांगीनं ओठ आवळले. खरी गोष्ट होती. श्रेयनामावलीत शकुंतला सुतारचं नाव कधी आलंच नव्हतं. प्रॉम्प्टरचं नाव पडद्यावर घालण्याची पद्धतच नव्हती तेव्हा. ह्या अन्यायावर यंत्रानं आता नुसता शिक्का मारला होता.

"ठीक आहे. झाली चूक. आता मूळ फिती काढा आणि मला ऐकवा. मी इथंच बसून ऐकते आणि जाते."

आंबर्डेकरनं चष्मा काढून पुसला. "फिती नाहीत आता."

"म्हणजे?"

त्यानं समजावून सांगायचा प्रयत्न केला. फिती कुजत चालल्या होत्या. यंत्रानं प्रत्येक भाग बघितला आणि त्याचं सारबीज काढलं. सारबीज म्हणजे त्या भागाचा अर्क: कोण कसं दिसतं, कसं बोलतं, प्रकाश कुठून येतो, गोष्ट कुठून कुठे जाते. एवढंसं बीज. आता कुणी भाग लावला की यंत्र त्या बीजापासून तो भाग त्या क्षणी नव्यानं वाढवतं. साठवायला जागा लागत नाही, चित्र कधी कुजत नाही. "विरजणासारखं समजा. चमचाभर ठेवलं की रोज नवं दही."

"आणि दूध?"

"बीज काढून झालं की फिती नष्ट करायच्या, असा नियम आहे."

 मग तिचा तो स्टँडवरचा आवाज निघाला आणि काचेपलीकडची माणसं माना वळवून बघायला लागली. "अरे, दह्याचं पुन्हा दूध होतं का कधी? म्हणजे मी रविवारी जे बघितलं ते 'आभाळातलं बिऱ्हाड' नव्हतंच! त्याच्यासारखं काहीतरी होतं! आणि अस्सल होतं ते तुम्ही जाळलंत? कुणाला विचारलंत?"

"हेमा, बस खाली," दिगंबर म्हणाला.

"नाही बसत! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं ही!"

आंबर्डेकर ऐकून घेत राहिला.  सगळं ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "एक गोष्ट आहे. यंत्र जे काढून टाकतं त्याचा थोडा गाळ ठेवतं. पुढच्या वेळी खरखर ओळखायला नमुना म्हणून. तो गाळ आम्ही कधी उघडत नाही. पण बघतो. मला पंधरा दिवस द्या."

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. कऱ्हाड गेल्यावर म्हणाली, "मिळेल का हो?" इतक्या हलक्या आवाजात तिला बोलताना दिगंबरनं फारसं कधी ऐकलं नव्हतं.

बाराव्या दिवशी आंबर्डेकर स्वतः सांगलीला आला. हातात एक छोटी पेटी आणि एक कागद. दिगंबरनं पोहे केले, चहा टाकला. पाहुण्यानं पोह्यांना हात लावायच्या आधीच हेमांगी म्हणाली, "लावा."

त्यानं पेटीचं बटण दाबलं.

"'माई, पृथ्वी बघ... किती लहान दिसते गं...'"

नुसती कुजबूज. चित्र नाही, अप्पा नाहीत, धून नाही. घोगरट, थोडा दमेकरी आवाज, 'ळ'वर जरासा रेंगाळणारा. मग पान उलटल्याची सळसळ. मग माईचं वाक्य, त्याच आवाजात. मग पोराचं. अप्पा, माई, पोरं, यंत्रमानव, शुक्रावरचा राजा, सगळे एकाच बाईच्या तोंडून, टेबलाखालच्या अंधारातून.

हेमांगी पदर तोंडाशी धरून बसली होती. तिचे खांदे हलत होते. आई अशीच बोलायची. रात्रपाळीहून आलेले वडील झोपलेले असायचे म्हणून सकाळी शाळेची तयारी करून देताना अशीच, कानाशी, "ऊठ बया, वेणी राहिलीय." अठ्ठेचाळीस वर्षांनी तो श्वास पुन्हा तिच्या कानापाशी आला होता. चार भाग झाले, पाच झाले. पोह्यांचा चिवडा झाला, चहावर साय धरली.

"देव तुमचं भलं करो," ती आंबर्डेकरला म्हणाली. "मी फार बोलले त्या दिवशी. मनावर घेऊ नका, ताई समजून सोडून द्या."

"बोलायलाच हवं होतं, ताई," तो म्हणाला आणि कागद पुढे केला. "आम्हाला ही कुजबूज प्रेक्षकांनाही ऐकवायची आहे. 'प्रॉम्प्टरसह आवृत्ती'. शकुंतलाबाईंचं नाव येईल सुरुवातीला, मोठ्या अक्षरात. फक्त वारस म्हणून तुमचा अस्सलतेचा दाखला लागेल. हा आवाज त्यांचाच आहे, एवढीच सही. ती समक्ष घ्यावी लागते, म्हणून आलो."

नाव येणार! हेमांगीनं पेन घेतलं.

"सही कर, पण त्याआधी सतरावा लाव की," दिगंबर हसत म्हणाला. "पान चिकटलं ऐकू दे. किती वर्षं नुसतं तुझ्याच तोंडून ऐकतोय."

"अगंबाई, खरंच!" हेमांगीलाही डोळे पुसता पुसता हसू फुटलं. आंबर्डेकरला काहीच कळलं नाही, तेव्हा तिनंच सांगितलं.

सतराव्या भागाचं चित्रीकरण संक्रांतीला होतं. सगळ्यांनी एकमेकांना तिळगूळ दिला, शकुंतलेच्या हातावरही कुणीतरी वडी ठेवली. गूळ होता चिकीचा. त्याच बोटांनी तिनं वही धरली आणि एकतीस-बत्तीसची पानं एकमेकांना चिकटली. ती सरळ तेहतिसाव्यावर गेली. नट मंडळींचा स्वतःच्या आठवणीपेक्षा प्रॉम्प्टरवर विश्वास जास्त. तेही बिनधास्त तिच्या मागोमाग गेले. यान शुक्रावर उतरलंच नाही आणि अप्पांनी शुक्राच्या राजाचे पाहुणचाराबद्दल आभार मानले! शकुंतलेच्या लक्षात आलं आणि ती टेबलाखाली पुटपुटली, "अगंबाई, पान चिकटलं!" माईचं काम करणाऱ्या बाई मुरलेल्या. कानावर पडेल ते बोलायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी राजाकडे बघून, हात जोडून, गंभीरपणे म्हटलं, "अगंबाई, पान चिकटलं."

स्टुडिओची वेळ संपली होती. पुन्हा चित्रीकरण झालं नाही. रविवारी सगळ्या महाराष्ट्रानं ते ऐकलं. कुणाचं काही फसलं की पुढे कित्येक वर्षं लोक म्हणायचे, पान चिकटलं. लोक हसले, पण दिग्दर्शकानं शकुंतलेला परत कधी बोलावलं नाही. ती त्यानंतर कधीही कुठल्या विंगेत बसली नाही. घरी मात्र हा किस्सा तीच रंगवून सांगायची आणि हसून हसून तिला ठसका लागायचा.

"लावा हो सतरावा," हेमांगी म्हणाली. पेन तिच्या हातातच होतं.

कुजबूज सुरू झाली. एकोणतिसावं पान, तिसावं. हेमांगी आणि दिगंबर दोघं कान टवकारून बसले, गमतीची वाट बघत. सळसळ झाली.

"'अप्पा, यान हेलकावतंय... घट्ट धरून बसा...'" आई कुजबुजली. "'पोरांनो, ही शुक्राची जमीन...'"

यान उतरत होतं. न चुकता, न अडखळता, रीतसर उतरत होतं. एकतिसावं पान पूर्ण झालं, बत्तिसावं झालं. तोच दमेकरी श्वास, 'ळ'वरचं तेच रेंगाळणं. मग राजाचे आभार, योग्य जागी. अगंबाई नाही, काही नाही.

दिगंबरच्या तोंडावरचं हसू तसंच राहून गेलं होतं. हेमांगीनं पेन खाली ठेवलं.

"बंद कर," ती म्हणाली. आंबर्डेकरनं बंद केलं. "ही पानं माझ्या आईनं यानात कधी वाचलीच नाहीत. ती गुळानं चिकटली होती. घरी आणून तिनं ती वाफेवर सोडवली. मी होते तिथं, नऊ वर्षांची. मग आत्ता ही वाचली कुणी?"

आंबर्डेकरची मान खाली गेली.

"तोंड उघड!"

"गाळ पूर्ण नव्हता, ताई. नमुन्यापुरताच ठेवतात. सगळं मिळून अकरा मिनिटं निघाली. उरलेलं यंत्रानं संहितेवरून वाढवलं. मी ऐकलं, मला फरक कळला नाही. वाटलं, तुम्हालाही कळणार नाही. तुम्ही इतक्या दुखावला होतात त्या दिवशी... तुम्हाला बरं वाटावं..."

"मला गप्प करावं म्हणून!"

"तसं नाही..."

"तसंच! रडणाऱ्या पोराच्या तोंडात चोखणी कोंबावी तसं!" ती उठून उभी राहिली होती.  राग त्याचा होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा. पाच भाग ती रडली होती. कशावर? त्या पेटीतून आलेल्या खोट्या श्वासाला तिनं आई म्हटलं होतं, आणि मन अजूनही म्हणत होतं, पुन्हा लाव, थोडं तरी लाव. ह्याची तिला विलक्षण चीड आली. "बरं. ती अकरा मिनिटं कुठली, ते सांग. तेवढीच दे. बाकीची नेऊन नदीत टाक."

त्यानं पेटी हातात घेतली आणि परत खाली ठेवली.

"अरे, अकरा मिनिटं तर खरी आहेत ना तिची?"

"आहेत. ह्याच्यातच आहेत. पण वाढवताना ती त्यात मिसळून गेली. यंत्रालाही आता वेगळी काढता येत नाहीत. मी प्रयत्न केला, ताई. शपथेवर सांगतो."

हेमांगी खाली बसली. दिगंबरनं तिचा हात धरला.  म्हणजे आई त्या पेटीत होती. अगदी खरीखुरी होती, कुठल्या तरी भागात, कुठल्या तरी वाक्यात, आणि जगातल्या कुणालाही आता तिच्यावर बोट ठेवता येणार नव्हतं. नसती तर परवडलं असतं.

"तिची एकच चूक," ती म्हणाली. "आयुष्यभरात एक. तिच्यापायी तिचं काम गेलं. आणि तीच तेवढी तिची स्वतःची होती रे. बाकी सगळी वाक्यं दुसऱ्यांची. ते एक वाक्य माझ्या आईचं होतं, ते नेमकं तुम्ही काढलंत."

तिनं दाखल्याचा कागद उचलला आणि मधोमध फाडला. मग पुन्हा फाडला.

"आणि असे दाखले किती घेतलेत आजवर?"

"साडेचारशे असतील," आंबर्डेकर म्हणाला. "जुने नट, गायक, निवेदक. त्यांच्या घरच्यांना आम्ही ऐकवतो. सगळे रडतात. सगळे सही करतात. तक्रार कुणाचीच नाही आली. तुम्ही पहिल्याच."

"त्यांच्यातलं कुणी चूक शोधायला बसलं होतं का?"

 चष्म्याआडचे त्याचे डोळे पहिल्यांदाच थोडे बावरलेले दिसले.

हेमांगी त्याच्याकडे बघत होती. राग होताच, पण त्या रागातून आता तिला काहीतरी वेगळंच दिसायला लागलं होतं. "तुझं कुणी आहे का रे त्या यंत्रात?"

"वडील," तो म्हणाला. "सहा वर्षं झाली. आमच्याकडे घरच्या चित्रफिती होत्या, कंपनीनं आम्हा नोकरमाणसांचंच काम आधी करून दिलं. सकाळी चहा घेताना लावतो मी. बोलतात माझ्याशी. छान बोलतात."

"मूळ फिती?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"बरं, मला एवढंच सांग. बोलताना कुठं अडायचे ते? कुठलं नाव हमखास चुकवायचे? कुठली गोष्ट दर वेळी वेगळीच सांगायचे?"

"ते ना..." आंबर्डेकरनं तोंड उघडलं. हसू आणायचा प्रयत्न केला. भिंतीकडे बघितलं, मग छताकडे.  बाहेर भाजीवाला ओरडत गेला. दिगंबरनं त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला, पण त्याला तो दिसला नाही. कपाळावर घाम जमला होता.

"नाही आठवत," तो अखेर म्हणाला. "होत्या. चुका खूप होत्या, आई चिडायची त्यांच्यावर. पण एकही... आता एकही आठवत नाही. सकाळी बोलतात त्यात तर काहीच चुकत नाही त्यांचं."

हेमांगीला त्याच्यावर पुन्हा ओरडायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण बाहेर पडला तो प्रश्न, आणि तोही कधी नव्हे तो कुजबुजत.

"मग रोज सकाळी तुझ्याशी बोलतो तो कोण रे?"